शाळेत आदिवासी दिन करायचाय? मग त्या दिवशी गावालाच शिकवू द्या

९ ऑगस्ट जवळ आला की आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत एकच धावपळ सुरू होते. कुणीतरी तालुक्याहून भाड्याने पानांचे ड्रेस आणतं, कुणी मोबाईलवर गाणं शोधतं, पोरांच्या गालावर पांढरे ठिपके काढतात, दोन डान्स, तीन भाषणं, फोटो ग्रुपवर, झालं. आणि ज्यांच्या नावाने हा दिवस आहे त्या पोरांच्या आया-आज्या मागे भिंतीला टेकून बघत असतात, समोर जे चाललंय त्यात त्यांच्या घरातलं, शेतातलं, गाण्यातलं काहीच नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरं सगळं शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतं आणि आपण ते सोडून बाहेरून नकली आणत बसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आधी मेळघाटात होते, आता गडचिरोलीकडे आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या दिवशी शिकवणारे गावातले लोक असावेत आणि शाळेने जागा, वेळ, चहापाणी आणि नीट नोंद एवढं सांभाळावं. हे करायला पैसा फार लागत नाही पण वेळ लागतो, निदान दीड महिना आधी सुरुवात करा. खाली जसं करायचं तसंच क्रमाने सांगतेय, तुमच्या गावाप्रमाणे मागेपुढे करून घ्या.

आधी हे बघा की गावात नेमकं कोण राहतं

नुसतं "आदिवासी संस्कृती" म्हणून चालत नाही. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू, यवतमाळच्या पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव पट्ट्यात कोलाम, गोंड आणि परधान, पुसद-उमरखेडकडे आंध, भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कोरची-कुरखेड्याकडे गोंड आणि कंवर, देवरी-सालेकसा भागात गोंड आणि हलबा. प्रत्येकाची भाषा वेगळी, देव वेगळे, लग्नाची रीत वेगळी. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या, आणि कोरकू ही मुंडा कुळातली, तिचे नातेवाईक पार झारखंडकडे संथाली आणि मुंडारी. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे साधारण ३० लाख, कोरकू सव्वासात लाख आणि कोलामी फक्त सव्वा लाखाच्या आसपास नोंदलेत. कोलाम आणि माडिया हे दोन्ही समाज सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहेत, महाराष्ट्रातला तिसरा कातकरी, तो कोकणाकडचा. एवढी माहिती तरी शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला असावी.

हे का सांगतेय तर आपल्या शाळांच्या भिंती बघा, नव्वद टक्के ठिकाणी वारली चित्रं. वारली कला सुंदरच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण ती पालघर-डहाणूकडची. कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या, पोराला त्या चित्रात आपला समाज दिसणार कसा? रंग देणारा पेंटर तेच काढून देतो कारण त्याला तेच येतं. त्याऐवजी गावातल्या घरांच्या भिंती बघा, दारावरचं कोरीवकाम बघा, आजीच्या हातावरचं गोंदण बघा आणि तिने हो म्हटलं तर पोरांकडून त्याचीच चित्रं काढून घ्या.

अजून एक, आपल्या शाळेत सगळी पोरं आदिवासी असतीलच असं नाही, ढीवर असतील, बंजारा असतील, बौद्ध असतील, कुणबी असतील. त्यांना प्रेक्षक करून बाजूला बसवू नका. त्यांनीही शेजारच्या आजीकडे जाऊन ऐकायचं, लिहायचं, आणि आपल्या घरी काय वेगळं आहे तेही सांगायचं.

तारीख कोणती

९ ऑगस्ट ही जागतिक आदिवासी दिनाची तारीख संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवली, कारण १९८२ मध्ये याच दिवशी जिनिव्हात आदिवासी प्रश्नांवरच्या त्यांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. दुसरी तारीख १५ नोव्हेंबर, बिरसा मुंडांची जयंती, २०२१ पासून केंद्र सरकार ती जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळतं. आपल्या विदर्भासाठी आणखी दोन तारखा महत्त्वाच्या, १२ मार्च आणि २१ ऑक्टोबर, वीर बाबुराव शेडमाकेंची जयंती आणि बलिदान दिन, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

आता व्यवहाराचं बोलू. ९ ऑगस्टला पूर्व विदर्भात रोवणी चालू असते, पश्चिमेकडे निंदण-डवरण, बायाबापड्या सकाळी सातला चिखलात असतात. नाल्याला पूर असतो, पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ताच बंद, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून सकाळी दहाचा कार्यक्रम ठेवला तर गाव येणारच नाही, फक्त गुरुजी आणि पोरं. गावाला विचारा, बहुतेक गावं दुपारी चारनंतरची वेळ सांगतात किंवा ज्या दिवशी काम बंद असतं असा दिवस सुचवतात. त्या दिवशी करा. परिपत्रकात तारीख दिलेली असेल तर ९ ला छोटा कार्यक्रम घ्या आणि मोठा गावाच्या सोयीने, मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांना आधी नीट सांगितलं तर यात काही अडचण येत नाही. मेळघाटात काम करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की दिवाळीनंतर अर्धं गाव कामासाठी बाहेर गेलेलं असतं आणि होळीला परत येतं, म्हणून तिकडे १५ नोव्हेंबरला गाव रिकामं सापडण्याची शक्यता जास्त.

गावात जाऊन बसायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे गाळतात. नोटीस लावून किंवा पोरांच्या हाती चिठ्ठी देऊन "उद्या मीटिंग आहे" असं सांगायचं नाही. संध्याकाळी जेवणाआधी लोक अंगणात असतात तेव्हा आपण जायचं, खाटेवर जागा दिली तर बसायचं, चहा दिला तर प्यायचा, आणि लगेच विषय काढायचा नाही. आधी कोणाकडे जायचं याचाही मान असतो. कोरकू गावात भूमका म्हणजे गावचा पुजारी, गोंड-माडिया गावात गायता किंवा पेरमा, तेही पुजारीच, कोलाम पोडावर नाईक म्हणजे वस्तीचा प्रमुख, आणि गावचा पाटील. त्यांच्याकडे आधी गेलं की बाकी गाव आपोआप मोकळं होतं, त्यांना डावलून थेट सरपंच किंवा पोलीस पाटलाकडे गेलं तर म्हातारी माणसं काही बोलत नाहीत पण येतही नाहीत.

बोलायचं काय तर तीन गोष्टी. पोरांना काय शिकवावं असं तुम्हाला वाटतं? कोण शिकवू शकेल? आणि शाळेत काय दाखवू नये? तिसरा प्रश्न नक्की विचारा. पेनाची म्हणजे गोंडांच्या देवाची पूजा, अंगात येण्याचं गाणं, मेल्यावरची गाणी, मृतांच्या नावाने कोरलेले खांब, या गोष्टी कार्यक्रमात मिरवायच्या नाहीत, आणि गाव सांगेल ती प्रत्येक गोष्ट तशीच मानायची, कारण विचारत बसायचं नाही. काही गोष्टी ऋतूला बांधलेल्या असतात. जिवती, राजुरा आणि झरी-जामणीकडची दंडारी-घुसाडी ही नाचाची रीत दिवाळीच्या दिवसांतली, मोरपिसांचा तो मुकुट घालणारा माणूस त्या काळात नेमधर्म पाळतो, त्याचा पुठ्ठ्याचा मुकुट करून ऑगस्टमध्ये चौथीच्या पोराच्या डोक्यावर ठेवला तर गावाला लागतं. पण कुणी तोंडावर बोलणार नाही, गुरुजी-मॅडमला कोण बोलणार.

बायांशी वेगळं बोला. पुरुषांच्या बैठकीत त्या गप्प बसतात, आणि गाणी, बियाणं, रानभाज्या, गोंदण, बाळंतपणाची औषधं हे सगळं ज्ञान त्यांच्याकडे. आपल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकी ताई किंवा अंगणवाडीच्या मदतनीस बहुतेक गावातल्याच असतात, त्यांना सोबत घेतलं की काम फार सोपं होतं. भाषाही त्याच सांभाळून घेतात.

मग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या, ठराव लिहा. पेसा गाव असेल, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणाऱ्या कायद्यात येणारं, तर ग्रामसभेतही विषय ठेवा, ग्रामपंचायतीच्या अबंध निधीतून शिक्षणाच्या कामाला मदत होऊ शकते पण ते ग्रामसभेने ठरवायचं असतं, शाळेने गृहीत धरायचं नाही.

पोरांचं काम: महिनाभराची वही

प्रत्येक पोराला एक साधी वही द्या, शंभर पानी नको, पातळ चालेल. त्यात आठवड्याला एक विषय. पहिला आठवडा घरातली माणसं आणि कूळ, आजीच्या आजीचं नाव काय होतं, आपण या गावात कुठून आलो, आपल्या कुळाने कोणतं झाड किंवा प्राणी जपायचा. दुसरा आठवडा घरातल्या वस्तू. तिसरा बियाणं आणि रान. चौथा गाणी, गोष्टी, कोडी. लहान पोरं चित्रं काढतील, मोठी लिहितील, ज्या भाषेत घरी ऐकलं त्याच भाषेत देवनागरीत लिहू द्या, शुद्धलेखन अजिबात तपासू नका, लाल पेन तर हातात धरू नका.

बियाण्याच्या आठवड्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण तिथे मी स्वतः खूप शिकले. मेळघाटातल्या एका घरी पोरांबरोबर गेले होते, आजीने आधी "काय दाखवू बाई, काही नाही आमच्याकडे" म्हटलं, मग आढ्याला टांगलेला भोपळ्याचा वाळलेला तुंबा काढला, तोंडाचं बूच काढून सुपात ओतला, राख आणि त्यात बारीक बारीक दाणे. राखेत ठेवलं की कीड लागत नाही. तिने बोटाने राख बाजूला करत कुटकी वेगळी केली, सावा वेगळा केला, मला दोन्ही सारखेच दिसत होते, पोरांनी मात्र तिच्याआधीच नावं सांगितली. मग ती सांगत गेली की कुटकी उताराच्या मुरमाड जमिनीत येते, खत लागत नाही, पाऊस कमी झाला तरी घरात खायला राहते. भूगोल, विज्ञान, परिसर अभ्यास, सगळं एका सुपात होतं आणि पोरं वहीत भराभरा लिहीत होती. अशी एक आजी प्रत्येक गावात आहे. तिच्याकडे पोरं घेऊन जा, तिला शाळेत बोलवायची घाई करू नका.

वस्तूंची मांडणी

एक वर्गखोली रिकामी करा. बाकं भिंतीला लावा, वर धुतलेली घोंगडी किंवा साडी अंथरा. वस्तू गावातूनच येतात, तिरकामठा, मासे धरायचे बांबूचे सापळे, टोपल्या, सूप, मुसळ, जातं, पाण्याचा तुंबा, पळसपानांचं इरलं, मोह वेचायची टोपली, जुने चांदीचे दागिने असतील तर ते फक्त मालकीणबाई स्वतः हजर असतील तेवढाच वेळ. प्रत्येक वस्तूजवळ कागदाची पट्टी, त्यावर घरच्या भाषेतलं नाव आधी मोठ्या अक्षरात, मग मराठी नाव, मग कोणाच्या घरची आणि कोणी बनवली त्यांचं नाव. बनवणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका, आयुष्यभर टोपल्या विणणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर आलेलं नसतं.

वस्तू आणताना रजिस्टरमध्ये नोंद करा, कोणाची, कोणत्या अवस्थेत आली, आणणाऱ्याची सही किंवा अंगठा. सगळं त्याच संध्याकाळी परत, पोरांनीच घरोघर पोचवायचं. शाळेच्या कपाटात "राहू द्या इथेच" म्हणून ठेवून घेऊ नका, एखाद्या घरचं मुसळ दोन दिवस नसलं तरी त्या घरी अडचण होते.

आणि प्रत्येक वस्तूजवळ एक पोरगं उभं राहिलं पाहिजे, ती वापरून दाखवायला. नुसतं बघायला ठेवलेल्या वस्तूंना पोरं पाच मिनिटांत कंटाळतात. जातं असेल तर दळू द्या, सूप असेल तर पाखडू द्या. तिरकामठा मात्र मोठ्या माणसाच्याच हातात, बाहेर मोकळ्या जागेत, आणि बाणाचं टोक काढून.

नाच-गाणं

भाड्याचे ड्रेस नकोत. हे मी ठामपणे सांगतेय. पानांचे घागरे, काळा रंग फासणं, हाडांच्या माळा, "झिंगालाला" असलं संगीत, हे सिनेमावाल्यांनी तयार केलेलं आहे आणि त्यातून आपल्याच वर्गातल्या पोराला सगळ्यांसमोर आपण सांगतो की तू असला आहेस. पोरांनी घरचे चांगले कपडे घालावेत. आजी म्हणाली की नाचाला असं लुगडं नेसतात, असा फेटा बांधतात, तर ती बांधेल तसं.

डीजे नको, पेनड्राइव्ह नको. रेला असो, ढेमसा असो, कोरकूंचा गादली-सुसुन असो, हे सगळे वाद्यांवर आणि तोंडच्या गाण्यावर चालणारे नाच आहेत, ढोलवाला नाचणाऱ्यांचे पाय बघून ठेका कमीजास्त करतो, रेकॉर्डिंग हे करू शकत नाही. आणि यातले बहुतेक नाच गोलात किंवा एकमेकांचे हात-कंबर धरून ओळीत असतात, म्हणून स्टेज बांधायचा खर्चच करू नका. अंगणात मोकळी जागा ठेवा, लोक सगळ्या बाजूंनी बसतील आणि अर्धे थोड्या वेळाने उठून नाचात येतील, त्यांना येऊ द्या, "प्रेक्षकांनी बसून घ्या" असं माईकवर सांगू नका. शिकवायला गावातल्या बाया आणि पोरी पुरेशा आहेत, आपण स्टेप्स बसवायच्या नाहीत, ओळ सरळ आहे का ते बघायचं नाही.

पावसाळ्यात ढोलाची काळजी घ्यावी लागते. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज भदभद येतो. गावातले वाजवणारे कार्यक्रमाआधी अर्धा-पाऊण तास एका कोपऱ्यात गवत-काटक्यांचा जाळ करतात, ढोल जाळापासून हातभर लांब धरून फिरवत शेकतात, मध्येमध्ये बोटाने टिचकी मारून ऐकतात, परत फिरवतात, आणि आवाज टणक झाला की बाजूला घेतात. यासाठी शेडखाली जागा, कोरडी काडी आणि वेळ ठेवा. मोठ्या पोरांना तिथेच बसवा, एरवी वर्गात न बसणारी दोन-तीन पोरं तिथून हलत नाहीत, त्यांनाच ढोलाची जबाबदारी द्या.

तुमच्या भागात परधान समाजाचे किंगरी हे तंतुवाद्य वाजवणारे कुणी असतील तर त्यांना मुद्दाम, मानाने बोलवा. गोंडांच्या कुळांच्या कथा, देवांच्या कथा पिढ्यानपिढ्या त्यांनीच गाऊन जपल्यात आणि आता वाजवणारे थोडे उरलेत. त्यांना येण्याजाण्याचं भाडं आणि बिदागी द्यायची, हे वर्गणीतून पहिलं काढून ठेवायचं.

भाषा

त्या दिवशी सूत्रसंचालन आधी घरच्या भाषेत आणि मागून मराठीत. हे सातवी-आठवीची पोरं मस्त करतात, शाळा चौथीपर्यंतच असेल तर गावातली कॉलेजला जाणारी पोरगी करेल. स्वागत "जोहार" किंवा "जय सेवा", गावात जे म्हणतात ते. लहान पोरांकडून अंकांचं गाणं घ्या, गोंडीत उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, कोरकूत मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, उच्चार गावागणिक थोडा बदलतो तेव्हा पुस्तकातला नको, तुमच्या गावातला घ्या. आणि शिक्षकांनी स्वतः दोन-चार वाक्यं पाठ करून बोलावीत. पोरांना इतका आनंद होतो की सांगता येत नाही, उच्चार चुकला तर ती सुधारून देतात, देऊ द्या.

एखादा पालक किंवा सहकारी म्हणेल की शाळेत मराठी-इंग्रजी शिकवायचं सोडून हे काय. त्यांना शांतपणे सांगा की मुलाला सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेत मिळावं हे संविधानाच्या ३५० अ कलमात आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली. आपण निदान वर्गात पोराला त्याच्या भाषेत उत्तर देऊ देऊ.

इतिहास, पण भाषण कमी

भाषणं दोन, प्रत्येकी दहा मिनिटं, आणि त्यातलं एक गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं. बाकी इतिहास पोरांच्या नाटुकल्यातून. बाबुराव शेडमाके आपल्या भागातलेच, जन्म १२ मार्च १८३३, मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले, १८५७-५८ मध्ये जंगोम दल नावाची फौज उभारून त्यांनी इंग्रजांशी झुंज दिली आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्यांना फाशी दिलं. २००९ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं. दहा-बारा मिनिटांचं नाटक सहज होतं. फाशीचा प्रसंग मात्र दाखवू नका, दोर-बीर अजिबात आणू नका, लहान पोरं घरी जाऊन त्याची नक्कल करतात. शेवट गाण्याने करा.

मोठ्या पोरांसाठी एक भिंतीवरचा नकाशा करून घ्या, बल्लारपूरचा किल्ला, चंद्रपूरचा परकोट, १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेलं नागपूर, सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा जिथे माघ पौर्णिमेला लाखोंची यात्रा भरते. नागपूर गोंड राजाने वसवलं हे आपल्या पोरांना तर सोडाच पण कित्येक शिक्षकांनाही माहीत नसतं. त्याच नकाशावर धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा दाखवा, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेलं. वारसा म्हणजे फक्त नाच आणि दागिने असं पोरांच्या डोक्यात बसू नये, गाव एकत्र बसून एकमताने निर्णय घेतं हाही वारसाच आहे, आणि तो आज चालू आहे.

जेवण

ऑगस्ट म्हणजे रानभाज्यांचा महिना, तरोटा, केना, काटवल, कुठे वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, कुठे सात्या म्हणजे रानातली अळिंबी. ज्वारीची किंवा तांदळाची आंबील, मेळघाटात कुटकीचा भात, अंबाडी. पोषण आहार त्या दिवशी शिजणारच असतो, त्याला जोड म्हणून दोन-तीन पदार्थ करा, वेगळी पंगत मांडायची गरज नाही.

पण काळजी घ्या. भाजी गोळा करायला पोरांना एकटं पाठवू नका, ओळखणाऱ्या बायांबरोबरच, आणि निवडताना त्यांनीच शेवटची नजर टाकायची. सात्या घरी खा, शंभर पोरांच्या पंगतीत नको, एखादी विषारी अळिंबी चुकून आली तर दवाखाना किती लांब आहे हे आपल्याला माहीत आहे. वास्ते नीट उकळून ते पाणी फेकून मगच भाजी. पिण्याचं पाणी उकळून, पावसाळ्यात तर नक्कीच. मोहफुलाचे लाडू किंवा उकडलेला मोह पोरांना द्या, दारूचा विषय शाळेच्या आवारात नको, पूजेत तिची जागा असते ती गाव आपल्या जागी करेल, त्यावरून पोरांसमोर प्रवचनही देऊ नका.

मान कोणाला, फोटो कोणाचे

खुर्च्यांचा प्रश्न दरवेळी येतो. मी पाहिलंय की गावच्या आजी-आबांना बोलावून आणतात आणि मग बाहेरून पाहुणे आले की त्यांनाच खुर्चीवरून उठवतात. हे होऊ देऊ नका. पहिली ओळ गावच्या वडीलधाऱ्यांची, ज्यांनी शिकवलं, वस्तू दिल्या, गाणी सांगितली त्यांची, आणि पाहुण्यांना आधीच प्रेमाने सांगा की आज सगळे सतरंजीवर आहोत. सत्कार करायचा तर त्याच लोकांचा. पाहुण्यांची वाट बघत पोरांना उन्हात किंवा पावसात ताटकळवू नका, ठरल्या वेळेला गायता किंवा भूमका हो म्हणाले की सुरू करा.

फोटोचं आधीच ठरवा. नाचणाऱ्या पोरींचे, अंघोळीच्या घाटावरचे, अंगावर गोंदण असलेल्या म्हाताऱ्या बायांचे जवळून फोटो काढून कुणीही कुठेही टाकतं, गावाला त्याचा फार राग असतो. शाळेतर्फे एकच माणूस फोटो काढेल, विचारून काढेल, मुलांचं पूर्ण नाव आणि गाव लिहून बाहेर काही टाकणार नाही. गाणी-गोष्टी रेकॉर्ड करायच्या तर आधी विचारा, आणि मध्येच "हे बंद कर" म्हटलं तर लगेच बंद.

नंतरचं काम

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगला नीट नावं द्या, गाणं कोणतं, कोणी सांगितलं, तारीख, गाव. दोन पेनड्राइव्ह करा, एक शाळेत आणि एक गावात ज्याला गाव सांगेल त्याच्याकडे, आपली बदली झाली तरी गावाकडे राहिलं पाहिजे. पोरांच्या वह्यांमधल्या गोष्टी निवडून शाळेतच हाताने लिहून, चित्रं काढून पुस्तक बांधा, वरच्या पानावर गोष्ट सांगणाऱ्या आजीचं नाव, एक प्रत तिच्या घरी. तिला वाचता येत नसेल तर नातवाने वाचून दाखवायचं.

मग हे वर्षभर चालवायला शनिवार वापरा, सरकारच्या आनंददायी शनिवार उपक्रमात यासाठी जागा आहेच. महिन्यातून एक शनिवार गावातलं कुणीतरी शाळेत येईल, किंवा शाळा त्यांच्याकडे जाईल. पावसात मासे धरायचे सापळे विणणं, दिवाळीनंतर दंडारीच्या गोष्टी, थंडीत शेकोटीजवळची कोडी, होळीला मेळघाटात फगव्याची गाणी, उन्हाळ्याच्या तोंडावर माडिया भागात बीज पंडुम, म्हणजे बियाण्याचा सण. मार्चमध्ये मोह पडायला लागला की हजेरी एकदम कमी होते, पोरं पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली असतात. तेव्हा त्यांच्यावर रागावण्यापेक्षा त्या महिन्याचं गणित मोहावरच घ्या, ओला किती किलो, वाळल्यावर किती उरला, गावात आलेला व्यापारी काय भाव देतो, तालुक्याला काय भाव आहे, महिनाभर ठेवून विकला तर किती जास्त मिळतात, आणि त्यांनाच फळ्यावर मांडायला सांगा.